तेलवणाची बाटली

नाय नाय, चंदन नाय ते — कोष्ठ! कोष्ठाच्या मुळाचं तेल. तुम्ही लादवानातले, कस्टमचे साहेब, इथं विमानतळावर दिवसभर लोकांच्या बॅगा उघडता, नि एवढं नाय कळत? लेबलावर लिवलंय की — मुंबईच्या अत्तरवाल्यानं माझ्यासमोर चिकटवलं, 'असली'. काय? परवाना? तेलाला परवाना? अय्यो! बरं, ते झाड हिमालयातलं, मुळं खणून खणून संपत आलं, म्हणून गेल्या साली कायदा कडक केला — करा की, झाड जगलं पायजे, मी कुठं नको म्हणते? पण साहेब, माझ्या रीताचं लगीन हाय रविवारी. नवरा रोझ हिलचा, शहरातला, सुरेंद्र, सरकारी ऑफिसात. हळदीच्या आधी तेलवण, नि त्याची आई मला म्हणते, आमच्यात तेलवणाला कोष्ठाचंच तेल लागतं, तुम्हा कांप दे मास्कच्या खेडवळ माणसांना जमेल ना? जमेल ना म्हणे! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हणून तर आपल्या या बेटावरनं तिलाच मुंबईला घेऊन गेले नि तिच्या नाकासमोर बाटली घेतली. ती काय, पट्ट्यापाशी, जांभळी साडी — अजून तिची बॅग नाय आली. बघू नका तिकडं!

इकडं या जरा. तू भगवतीचा पोरगा ना रे, ब्रीझे वेर्दिएर गावच्या? नाकावरनं वळखलं. मग बाळा, मावशीचं ऐक, त्यात कोष्ठ नाय. खोबरेल हाय. घेतलं ते असलीच होतं, देवाशपथ — पण मुंबईचे जिने चढून गुडघे असे धरले, म्हटलं बोटभर चोळावं. काय गुण आला सांगू! मग आणखी बोटभर. मग आणखी... नि एक दिवस बाटली रिकामी. काय करणार? माझ्या डोक्याचं खोबरेल ओतलं. खोबरेलाला कायदा नाय ना? नाय ना! सोडतोस? सुखी रहा बाबा, लग्नाला ये जेवायला. आं? तुझ्या वरच्या साहेबाला हाक मारून सांगतोस, नकली हाय म्हणून? हळू बोल, मेल्या! आली — आली ती!

या विहीणबाई, या! बघा ना, हे साहेब आपलं तेल अडवतायत. असली हाय म्हणूनच अडवतायत! नाय का हो साहेब? मला म्हणत होतात ना विहीणबाई, जमेल का — सरकारला अडवावं लागलं, असलं अस्सल आणलं मी! घ्या साहेब, जप्त करा. माझं काळीज तुटतंय, पण कायदा तो कायदा. तेलवण खोबरेलावर भागवू, आता कोण नावं ठेवणार? ठेवा ती बाटली आत कपाटात, कुलूप लावा... काय म्हणता विहीणबाई? शेवटचा वास? आत्ता, इथं? नको हो, मागं लोक खोळंबलेत — अहो साहेब, बूच कशाला काढताय? साहेब! बाळा —