वर जाणारा एक, नावं सतरा

…आणि वर मलाच म्हणतात, "आई, तू मध्ये बोलू नकोस!" अहो, मध्ये म्हणजे कुठं? टेबल स्वयंपाकघरातलं, टेबलावर मेथी, मेथीपुढं मी… भांडण आलं चालत माझ्या जुडीपाशी, आणि मध्ये बोलते ती मी? बरं, भांडण कशावरून? जमिनीवरून नाही, घरावरून नाही, तर आकाशात जो माणूस जातो त्याला म्हणायचं काय, ह्यावरून! ना तो आपल्या नात्यातला, ना गोत्यातला! तुम्हाला सांगते, वर जाणारा एक, आणि नावं सतरा!

तुम्ही स्टुटगार्टची मंडळी आपलीच, म्हणून बोलते. माझा देवदत्त तिकडं झिंडेलफिंगेनला गाडीच्या कारखान्यात. सून ऋचा कॉम्प्युटरवाली. आणि नात उर्जा, सात वर्षांची, दोन दात पडलेले, तोंडाला कुलूप नाही… पण किल्ली जर्मन! मराठी कळतं सगळं. "उर्जे, लाडू कुणी उष्टा केला?" म्हटलं की पळून जाते, म्हणजे कळतं ना? पण उत्तर? "नाइन, ओमा." म्हणजे नाही आजी, तेही जर्मनमध्ये! पोळी वाढू का? "नाइन, ओमा." गोष्ट सांगू का? "जा, ओमा!" सुरुवातीला मला वाटलं जा म्हणतेय, मी उठून निघाले! मग ऋचा म्हणाली, "अहो आई, ती हो म्हणतेय."

तीन महिने झाले हो. ओतूरहून निघताना शेजारणींना सांगून आले होते, नात मला आजी म्हणून हाक मारणार. आणि इथं मी ओमा! येत्या रविवारी माझं विमान. मनाशी म्हटलं, बाई गं, जास्त हाव नको. एक शब्द. जायच्या आधी एक शब्द मराठीत, आणि तो मला उद्देशून. बस्स.

तेवढ्यात आली शाळेतून चिठ्ठी. ह्या देशात चिठ्ठ्या फार! आठवडाभर म्हणे आकाश, ग्रह, तारे शिकवणार, आणि शुक्रवारी पुठ्ठ्याचं रॉकेट. एकेका पोरानं रॉकेटच्या दारात उभं राहायचं, आकाशात जाणाऱ्याला आपल्या घरच्या भाषेत काय म्हणतात ते सांगायचं, की बाई तो शब्द चांदीच्या चांदणीवर लिहून भिंतीला लावणार. आजी-आजोबांनी बघायला यायचं. मी म्हटलं, देव पावला! घरात नाही बोलत, शाळेच्या धाकानं तरी बोलेल.

"सोपं आहे," देवदत्त म्हणाला. "अंतराळवीर."

लगेच फोनमधून आवाज, "छे छे छे!" हे आमचे व्याही, पद्माकरराव, पुण्याहून. रोज जेवायच्या वेळी त्यांना फोनमध्ये घालून लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवतात. "जावईबापू, आता गगनयात्री म्हणतात. सरकारी शब्द आहे! आणि त्याआधी व्योमनॉट असाही होता, माझ्याकडे कात्रण आहे…"

"बाबा, वर्गात शिक्षक आस्ट्रोनाउट म्हणतात," ऋचा म्हणाली. "नाहीतर राउमफाऽरर."

आता फाऽरर म्हणजे चालवणारा, हे मला ठाऊक. बसवर लिहिलेलं असतं, ड्रायव्हरशी बोलू नका, देवदत्तनं वाचून दाखवलं होतं. म्हणजे ह्यांच्या लेखी एवढा चांदण्यांत जाऊन आलेला माणूस आणि आपला सातशे तीन नंबरचा बसवाला, दोघं एकाच गाडीवरचे!

एवढ्यात दाराची बेल. शेजारच्या फ्राउ हेंपेल, आपलं पार्सल न्यायला. त्यांचं पार्सल आमच्याकडे, आमचं त्यांच्याकडे, ही इथली भिशीच. म्हातारी लाइपझिगची, म्हणजे पूर्वीच्या पूर्व जर्मनीतली, पंचाहत्तरीची, काठीसारखी ताठ. शब्द कानावर पडला मात्र, पार्सल खाली ठेवलं आणि काय कडाडली! "आस्ट्रोनाउट? नाइन! कोस्मोनाउट!" देवदत्त मला सांगतो, त्यांच्या लहानपणी तिकडं तोच शब्द होता, रशियाचा. बघा, एकच देश, एकच भाषा, मधली भिंत पाडून किती वर्षं झाली, आणि हा वरचा माणूस अजून दोन कुंपणांच्या मध्ये लोंबकळतोय! वर जाणारा एक, नावं सतरा!

मी विचारलं, "अरे, पण तो माणूस तोच ना?"

"तोच गं आई. अमेरिकेकडून गेला की अ‍ॅस्ट्रोनॉट, रशियाकडून गेला की कॉस्मोनॉट…"

म्हटलं, असं सांग की! मग तो माणूस नाही, ती लग्न झालेली बाई आहे! अहो, मलाच बघा. माहेरी मी बायजा. बोहल्यावर ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं काहीतरी खरडलं, मला मेलीला वाचता कुठं येतंय, करवली कानाशी लागून म्हणाली, "तू आता यमुना." झाले यमुना! कुणाच्या उंबऱ्यातून निघाली त्यावर बाईचं नाव. मला वाटत होतं ही तऱ्हा फक्त आपल्यात… इथं तर मोठमोठी सरकारं तांदूळ घेऊन बसलीत!

सगळे हसले. पद्माकरराव तर लोणच्यावरून घसरले. पण मी हसत नव्हते. मी म्हटलं, "देवदत्ता, अर्थ सांग एकेकाचा." तर म्हणाला, अ‍ॅस्ट्रोनॉट म्हणजे ताऱ्यांमधला नावाडी. कॉस्मोनॉट म्हणजे विश्वातला नावाडी. म्हटलं, सगळे नावाडीच! कुणी कुठं होडी घालतो ते सांगितलंत, पण काठाला परत कोण लागतो, ते एकाच्या तरी नावात आहे का?

"आणि आपला?"

"आपला वीर. अंतराळातला वीर."

मेथी तशीच टाकली मी. "माझ्या नातीला वीर करायचं नाही!"

"अगं आई, वीर म्हणजे शूर…"

"मला नको शिकवू! आमच्या वेशीबाहेर वीरगळ उभे आहेत, कोरलेले दगड. कुणाचे? जे गेले आणि परत आले नाहीत, त्यांचे! जो लढून संध्याकाळी घरी आला आणि भाकरी खाऊन झोपला, त्याचा दगड कुठं बघितलायस? पोरगी रॉकेटात चढायच्या आधीच तू तिचा दगड घडवायला बसलास?"

"आई, ते रॉकेट पुठ्ठ्याचं आहे."

"असू दे! निघणं पुठ्ठ्याचं नसतं!"

तेव्हा ते वाक्य आलं. "आई, तू मध्ये बोलू नकोस." बरं बाबा. नाही बोलत. अंतराळवीर तर अंतराळवीर.

मग देवदत्तनं लेकीची तयारी सुरू केली. म्हण, अंतराळवीर. "अंट्राल…" ळ म्हण, ळ. "ल." जीभ मागं वळव. "ल!" इंजिनिअर ना, कागदावर जिभेचं चित्र काढून दाखवलं, इतके मिलिमीटर मागं! पोरगी रडकुंडीला आली. उठली ती थेट माझ्या खोलीत, माझ्या गोधडीत. मी तिला कुशीत घेतलं आणि म्हटलं, मरू दे तो ळ. रॉकेटात बसायच्या वेळी एक मात्र ध्यानात ठेव. निघताना जाते म्हणायचं नाही. येते म्हणायचं.

"वारूम?" म्हणजे, का?

आता का म्हणजे… मग सांगितली तिला आजोबांची गोष्ट. एकदा आमचे हे रागावले. आमटीत मीठ नव्हतं, तेवढ्यावरून. पिशवी उचलली, म्हणाले, "जातो मी!" आणि गेले की यष्टीकडं. राग राहू द्या हो, पण 'जातो' म्हणून गेलं माणूस! पळाले मागनं, एका पायात चप्पल, दुसरी चुलीपाशी. यष्टी सुटलेली, मी पुढ्यात आडवी. कंडक्टर म्हणाला, "मावशी, काय राहिलं?" म्हटलं, शब्द राहिला! त्यांना सांगा, येतो म्हणा, मगच घंटी मारा. ह्यांनी खिडकीत पिशवी तोंडापुढं धरली. कंडक्टर म्हणाला, "अहो पाव्हणं, म्हणा, पुढं ओझरची माणसं ताटकळलीत." हे पुटपुटले, "येतो." मी म्हटलं, ऐकू नाही आलं. तर सगळी यष्टी एका सुरात ओरडली, "येतोऽऽऽ!" त्याच संध्याकाळी आले. मीठ घेऊन.

पोरगी खदखदा हसली आणि गोधडीतच झोपून गेली.

उजाडला शुक्रवार. उर्जाच्या अंगाला चांदीचा कागद, डोक्यावर पातेल्याएवढं पांढरं टोपडं. मी म्हटलं, निघताना हातावर दही तर देईन, त्याला कोण नको म्हणतंय! फ्रिज उघडला, डबा काढला, चमचाभर ठेवलं तळहातावर… तर दही गुलाबी! वाचता येत नाही ना, स्ट्रॉबेरीचं निघालं. म्हटलं असू दे, देवाला शकुन कळतो, रंग कशाला बघेल? तिनं हात चाटून घेतला आणि दुसरा पुढं केला!

शाळेत काय गर्दी! एका पोराची आई फ्रेंच, तिच्याकडे स्पासिओनोत. तुर्की आजीबाई माझ्यासारख्याच डोईवरून रुमाल घेतलेल्या, त्यांच्या देशानं नुकताच नवा शब्द काढलाय म्हणे, ग्योकमेन, आणि त्यांचा नातूच त्यांना तो शिकवत होता. चिनी आजोबांसाठी तर बाईंनी चांदणी आधीच लिहून ठेवली होती, टायकोनाउट. आजोबांनी गोड हसून मान हलवली. तो म्हणे बाहेरच्यांनी ठेवलेला शब्द, आम्ही घरी हांगथियानयुआन म्हणतो! मला इतकं आपलं वाटलं माणूस… अहो, मीसुद्धा आतून अजून बायजाच आहे! एकदा ऐकलं की माझ्या डोक्यातून जात नाही, वही नाही ना, डोकंच वही. मोजत बसले. वर जाणारा एक, नावं सतरा!

आणि आली उर्जा. रॉकेटचं दार, वरती दिवा. बाईंनी गुडघ्यावर बसून विचारलं, तुमच्याकडे काय म्हणतात? पोरीनं तोंड उघडलं. "अंट्… अंट्रा…" थांबली. "अंट्राल…" मागची दोन पोरं फिसकन हसली. देवदत्त माझ्या शेजारी ओठांनी ळ, ळ करतोय, खिशातल्या फोनातून पद्माकरराव, "गगनयात्री म्हण! सोपं आहे!" पोरीनं टोपडं डोळ्यांवर ओढलं, आणि मला वाटलं, संपलं. आता ही जन्मात मराठी बोलायची नाही. माझ्या एका शब्दाच्या हावेपायी पोरीला चारचौघांत उभं केलं…

तिनं गर्दीत मला शोधलं. टोपडं वर सारलं. आणि खणखणीत…

"येते गं आजी!"

अहो… आजी म्हणाली! 'गं'सकट! मी तर वितळलेच खुर्चीत.

बाईंना वाटलं, हाच शब्द. विचारलं, म्हणजे काय? पोरगी जर्मनमध्ये सांगायला लागली, ऋचानं माझ्या कानात सांगितलं. म्हणाली, आमच्यात वर जाणाऱ्याला नाव काय आहे ह्यावर घरात भांडण चालू आहे, पण तो निघताना हे म्हणतो, म्हणजे मग त्याला परत यावंच लागतं, नाहीतर माझी ओमा बस अडवते! बाई म्हणाल्या, "आख, श्योऽन!" म्हणजे वा, किती छान, आणि लिहिला शब्द चांदणीवर. देवदत्त ताडकन उठला, "नाइन, नाइन, तो शब्द…" मी धरला त्याचा कोट. "बस खाली! मध्ये बोलू नकोस!"

आणि मग काय सांगू… पुढचं प्रत्येक पोर, तुर्की, चिनी, फ्रेंच, आपापला शब्द सांगायचं, आणि चढताना आमच्या उर्जाकडं बघून ओरडायचं, "येतेऽऽऽ!" मुलगेसुद्धा येते! अख्खी यष्टी हो, अख्खी यष्टी!

चांदणी अजून भिंतीला आहे. जाऊन बघा. पद्माकररावांनी कात्रण पाठवलंय, देवदत्त शाळेला ईमेल लिहितोय. लिहू दे.

आज सकाळी उर्जाला जवळ घेतलं. म्हटलं, रविवारी आता तुझी आजी वर जाणार, विमानानं. मी दारात म्हणेन, येते गं उर्जे. तू काय म्हणशील? पोरीनं विचार केला, माझा हात हातात घेतला, आणि विचारलं, "ओमा… हास्ट डू आइनन टेर्मिन?"

टेर्मिन, म्हणजे आधी ठरवून घेतलेली वेळ, ती घेतलीस का, म्हणे! इथं त्याशिवाय कुठलं दार उघडत नाही. देवदत्तनं बघितलं, पुन्हा यायच्या व्हिसासाठी नोव्हेंबरपर्यंत एकही टेर्मिन मोकळा नाही. तेव्हा तुम्हाला सांगते, वर जाणाऱ्याला नावं सतरा असतील… परत येणाऱ्याला टेर्मिन एक मिळत नाही!