भिंतीच्या जागी खुर्ची

चीनमधल्या श्यामेनच्या धक्क्यावर गुलांग्यू बेटाच्या बोटीसाठी मी रांगेत उभा होतो. पुढे दोन म्हाताऱ्या जावा. धाकटी थोरलीला घरी न्यायला आली होती.

"भिंत खरंच पाडली?"

"आज सकाळी! जाऊबाई, तुमच्या विलायती खांबांपासून थेट आमच्या पूर्वजांच्या देव्हाऱ्यापर्यंत आरपार दिसतंय!"

"तुमचा देव्हारा, आमचे खांब! अगं, घर एकाच सासऱ्यांनी बांधलं ना?"

"मग मधे भिंत कुणी घातली? भाऊजींनी!"

"आणि विटा कुणी वाहिल्या? तुझ्या नवऱ्यानं!"

"गेले बिचारे दोघंही. आता आपण कशाला भांडायचं? आज माझी नवी सून लग्न होऊन खांबांमधून आत येणार आणि देव्हाऱ्यापुढे वाकणार."

"सून दिसायला कशी आहे?"

"गोड आहे. म्हणाली, लग्नाच्या मानाचा पहिला चहा थोरल्या सासूबाईंना देणार."

"मला? इतकी वर्षं मी तुमच्याकडे पाऊलही टाकलं नाही."

"म्हणून तर खुर्ची मुद्दाम ठेवलीय. भिंत होती, अगदी तिथंच."

थोरलीनं बाहीनं डोळे टिपले.

"रडताय काय? बोट लागली, चला!"

"थांब गं! आधी माझे केस नीट कर. सून बघेल ना!"