जीपचा पितळी चिमटा

आधीच सांगते, माझं अक्षर चांगलं नाही आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, त्याबद्दल माफ करा. शाळा चौथीपर्यंतच झाली. पण ह्यांना तेवढंही लिहिता येत नाही, आणि हे म्हणाले की जीपचं कुठंतरी लिहून ठेव, नाहीतर आपली जीप होती हे पुढं कुणाला खरं वाटायचं नाही. म्हणून हे बोलले तसं लिहिलं आहे. मला समोर बसवून, पावण्याला सांगावं तसं सांगत होते. माझा विषय आला तिथं मी हात थांबवला, तर म्हणाले, थांबू नको, लिही.

तर पावणं, आमची वाडी आजऱ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात. माझा जन्म तिथलाच. वडील काजूची पोती डोक्यावरनं खाली सडकेला आणायचे, मीबी आणली, मान अशी आत बसली ती तवापास्नंच. वाटेतला चढ म्हंजे तांबडी माती आणि निस्ता मुरूम, माणूस घसरतंय तिथं गाडी काय चढणार. मग मी एका लाकडाच्या व्यापाऱ्याकडं ड्रायव्हर ऱ्हायलो, आणि त्यानं जुनी जीप विकायला काढली तवा ती मी घेतली. काय सांगू तुम्हाला, दारं न्हवती, हूड फाटलेलं, पण चारी चाकं वढायची. चढाच्या बुडाला यायचं, थांबायचं, धाकटा लिव्हर मागं घ्यायचा, खाडकन आवाज आला की चारी चाकं लागली, मग ती गाभण म्हशीगत दमानं वर जायची, आणि खाली येतानाबी त्याच गिअरात धरून उतरायची. वाडीचा सगळा काजू माझ्या जीपमधनं खाली, आजारी माणूस माझ्या जीपमधनं खाली, सिमेंट, रेशन, नव्या नवऱ्या माझ्या जीपमधनं वर. ही पण तशीच आली. ही हुपरीची, सपाटीवरची. पयल्या दिवशी चढभर डोळं मिटून बसलती, आणि वर आल्यावर पयलं काय बोलली तर, आता उतरायचं कसं.

एका वर्षी काजूचा हंगाम तोंडावर आलता. काजूच्या कारखान्याच्या शेटजीकडनं उचल घेतलेली, वाडीतला सगळा माल मी खाली आणून घालायचा अशा बोलीवर. उचल घराच्या पत्र्यात आणि जीपच्या टायरात गेली. आणि लिव्हर मागं घेतला तर आवाजच न्हाय. लिव्हर हातात ढिला, मेलेल्या कोंबडीच्या मानंगत. गाडीखाली झोपून गिअरची पेटी खोलली तर आतला चिमटा मोडलेला. मिस्त्री त्याला फोर्क म्हणत्यात. पितळेचा, दोन बोटांचा, लिव्हर वढला की तो गिअरला धरून सरकवतो. त्याचं एक बोट तुटून तेलात पडलेलं. वीतभर वस्तू, पण तिच्याबिगर चढ न्हाय, आणि चढ न्हाय तर हंगाम न्हाय.

चिमटा आणि तुटलेलं बोट रुमालात बांधून कोल्हापूरला गेलतो, उद्यमनगरात. जुन्या पार्टाची दुकानं पालथी घातली. एक म्हणाला, पावणं, ही गाडी अजून चालती व्हय, मला वाटलं सगळ्या मेल्या. दुसऱ्यानं लोखंडी चिमटा काढून दिला, तो मापालाच बसंना. मग ओतकाम करणाऱ्याकडं गेलो, कोल्हापुरात काय ओतून मिळत न्हाय, अख्खी इंजिनं ओतत्यात. त्यानं चिमटा उलटापालटा करून बघितला, म्हणाला की व्हतंय, पण एका नगासाठी साचा करायचा परवडत न्हाय, शंभर नगाची ऑर्डर आणा. मी म्हटलं मालक, शंभर जीपा कुठल्या आणू, एकच हाय. तो हसला आणि चहा पाजला. चहा सगळ्यांनीच पाजला.

घरी येऊन रुमाल सोडला तर ही चिमटा घेऊन दारात उजेडाला गेली, तुटल्या कडंवरनं नख फिरवलं आणि म्हणाली, झाळून बघू का. हुपरीत पैंजणाच्या कड्या चांदीच्या झाळीनं जोडायचं काम बायका घरात बसून करत्यात. हिचे हात बारीक, म्हणून चौथीतनं काढून हिला त्याच कामाला बसवलेली. मी म्हटलं, पैंजण नव्हं ते, त्याच्यावर भरली गाडी पेलायची हाय. हिनं चिमटा परत रुमालात बांधला. ही वाद घालत न्हाय, आणि मग मलाच वाटतंय की आपण चुकलो.

हिला घेऊन हुपरीला मेव्हण्याच्या चांदीच्या कारखान्यात गेलो. मेव्हणा म्हणाला, काय दाजी, जीपला पैंजण घालताय व्हय, मग नथ बी घालूया की. सगळी हसली. ही पदर खोचून खाली बसली, तुटलेलं बोट जुळवलं, टाकणखार लावला, झाळ ठेवली आणि गॅसचा जाळ धरला. हात जरा म्हणून हलला न्हाय. पितळ लाल झालं, झाळ पाण्यागत फटीत पळाली, आणि मेव्हणा हसायचा थांबला. कानशीनं घासून तिनं चिमटा माझ्या हातात दिला.

बसवला. लिव्हर मागं घेतला. खाडकन. आवं, त्या आवाजाला वाडीतली माणसं दारात आली. निम्मा हंगाम वढला जीपनं. मी ज्याला त्याला सांगत सुटलो, माझ्या बायकोनं झाळलाय, ही म्हणायची असं सांगू नका.

मग एका दिवशी भरल्या गाडीनं उतरताना मधेच गिअर सुटला, आणि गाडी घसरत घसरत जाऊन बांधाला टेकली. मला काय झालं न्हाय, पोती तेवढी फुटली. पेटी खोलली. झाळ सुटली न्हवती, पावणं. झाळ जिथल्या तिथं. तिच्या शेजारचं पितळ मोडलेलं. मेव्हणा म्हणाला, जाळानं शेजारचं पितळ मऊ पडतंय, पैंजणात कळत न्हाय, तिथं कुठं वजन असतंय. मी हिला म्हटलं, परत झाळ. हिनं नव्या तुटल्या कडंवरनं नख फिरवलं आणि म्हणाली, किती बी वेळा झाळा, दर वेळी शेजारनं जाईल.

शेटजी वाईट माणूस न्हाय. म्हणाला, माल मी दुसऱ्या गावचा घेतो, तुमच्या उचलीचं तेवढं बघा. बघायला काय हुतं, जीपच हुती. भंगारवाल्याची गाडी वर येईना, तर त्यानं जीप बांधाजवळच गॅसनं कापली, आणि वाडीतल्या गड्यांनी तिचे तुकडे डोक्यावरनं खाली नेले. ज्या वाटंनं वडील पोती न्यायचे त्याच वाटंनं. मी पुढचा पत्रा घेतलता. ही मागनं रुमालात चिमटा घेऊन आली. सडकंला वजन झालं, पितळ येगळं. मी म्हटलं, त्या चिमट्यात चांदी बी हाय. भंगारवाला म्हणाला, किती. ही म्हणाली, मोहरीएवढी. पितळेच्या भावात गेला.

तेवढ्यानं भागलं न्हाय. उरलेलं आमच्या मजुरीतनं कापायचं ठरलं. आता शेटजीच्याच कारखान्यात ही काजू सोलती, मी पोती उतरवतो. आमच्या वाडीचा माल डोक्यावरनं येतो, कमीच येतो, काही घरांनी तर गोळाच करायचा सोडला. वरची चार माणसं खाली ऱ्हायला आली, आम्ही बी आलो. जीप उभी असायची तिथं आता गवत हाय. असूंदे, ज्यांच्या गाड्या चालत्यात त्यांच्या चालू ऱ्हाऊ देत.

परवा पगाराच्या दिवशी मुनीमानं पयल्यांदा आख्खा पगार हातात दिला. मी बघतच ऱ्हायलो. तर म्हणाला, काय बघताय, सगळं फिटलं तुमचं, आता काय बी ऱ्हायलं न्हाय.

मी म्हटलं, व्हय, काय बी ऱ्हायलं न्हाय.