बिनविरोध सुवर्ण

—नाही हो, ती खुर्ची कुणाची नाही, माझी बॅग आहे ती, बसा. पॅड उलटे बांधलेत तुम्ही—बकल मागे, पोटरीवर. हं. पहिलीच स्पर्धा? मग ऐका, इथं कुणी धड सांगत नाही. किकबॉक्सिंगमध्ये सगळ्यात खाली पॉइंट फाइट—पाय लागला की पंच थांबवतो, गुण देतो, पुन्हा सुरू. त्याच्यावर लाइट कॉन्टॅक्ट, आपलं हे—थांबायचं नाही, पण लागलं पाहिजे आणि वळ उठता कामा नये, सासूनं सुनेला बोलावं तसं. त्याच्यावर फुल कॉन्टॅक्ट, दोरांच्या रिंगमध्ये, तिथं हात राखून काही नाही. आणि अगदी वर प्रो—हेल्मेट नाही, नडगीला पॅड नाही, समोरची आडवी झाली की लोक टाळ्या वाजवतात! ते पोटासाठी लढतात बाई, आपण पोट कमी करायला.

मी? मी शाळेची बस चालवते. बसून बसून गुडघे धरले, डॉक्टर म्हणाले हालचाल करा, आणि क्लास घराखालीच होता. चाळिशीपुढच्या बायका, पासष्ट किलोच्या आत—सहा वर्षं, सहा सुवर्णपदकं. अहो, उठून नमस्कार काय करताय, बसा. तुमचा गट कुठला? काय? चाळिशीपुढच्या… पासष्टच्या आत? नक्की? नाही, छान, छानच की. वजन किती भरलं? चौसष्ट आठशे—अहो, मग दोनशे ग्रॅमचाच तर प्रश्न आहे! काटा अजून पाच मिनिटं चालू आहे, ही माझी बाटली घ्या, गटागट प्या, सत्तरच्या गटात तिघीजणी आहेत, सोबत मिळेल तुम्हाला—नको? तहान नाही? पण तुमचे हे खांदे इथं वाया चाललेत, खरं सांगते, फुल कॉन्टॅक्टला जायला हवं तुम्ही. काम काय करता? बेकरीत. कणीक मळता. वीस वर्षं. देवा.

असं बघू नका, सांगते. सहा वर्षं या गटात एकच नाव असायचं, माझं. एकटीच असली की तिला मॅटवर बोलावतात, पंच हात वर करतो, झालं सुवर्ण. लढती शून्य. चोरी नाही केली मी, नियमच आहे तसा—पण पहिल्या वर्षी पदक घेऊन घरी गेले तर सासूबाईंनी विचारलं, समोर कोण होती गं? म्हणायचं होतं 'कुणीच नाही', आणि तोंडातून निघालं 'उंच होती'. झालं! मग दर वर्षी एक नवी. एक पोलिसातली, एक जुळ्यांची आई, एक डावखुरी. खुब्याच्या ऑपरेशननंतर सासूबाई वर्षभर अंथरुणाला खिळून होत्या, तेव्हा रोज एक फेरी ऐकल्याशिवाय गोळी घ्यायच्या नाहीत. ती डावखुरी तर मी चाळीस वेळा हरवली असेल—दर वेळी मी जिंकणार हे ठाऊक असून दर वेळी त्यांचा जीव वर-खाली. हसू नका हो. कितीदा वाटलं, आता सांगून टाकावं. पण त्या उठून बसायच्या ना ऐकताना, उशी पाठीशी घेऊन, आपल्या आपण!

त्या बघा, तिसरी रांग, काठी घेतलेल्या, केशरी स्वेटर. म्हणाल्या, चालता येतंय तोवर एकदा डोळ्यांनी बघू दे. मी म्हटलं चला, पंच हात वर करेल, सांगू की समोरची घाबरून आलीच नाही. आणि आज नेमक्या तुम्ही उगवलात. मला भीती वाटतेय हो. खरी लाथ मी अजून खाल्लेलीच नाही, क्लासातल्या पोरी काकू म्हणून फुलासारख्या मारतात. काय म्हणालात?

हळू मारीन म्हणता?

…चांगल्या आहात तुम्ही. पण नको. नको हं. इतक्या लढती ऐकल्यात त्यांनी, त्यांना लगेच कळेल. आणि मलाही घरी जाऊन एकदा खरं सांगायचंय, हरले तरी चालेल.

पुकारलं. हेल्मेटचा पट्टा ओढा जरा मागून. घट्ट. आणखी. हं, चला. आणि ताठ चाला, म्हणजे उंच दिसाल. बस, आता माझ्याशी बोलू नका.