सुईच्या टोकावर

वैजयंती : नाव परत सांग एकदा. रिपोर्टमध्ये होतं ते.

गौरी : स्यूडोमोनास.

वैजयंती : तेच ना गं? तुझ्या लॅबच्या पोस्टरवरचं?

गौरी : हो आई. तेच.

वैजयंती : ह्यांनी फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय. येईल त्याला वाचून दाखवायचे. गणपतीत वन्संनासुद्धा दाखवलं होतं.

प्रमिला : दाखवलं होतं नं. म्हणून तर सकाळपासून विचारून राहिली. पोरगी इतकी वर्षं ज्या जंतूच्या मागे, तोच जंतू बापाच्या छातीत कसा निघाला?

गौरी : आत्या, बाबा पडले, खुबा मोडला, ऑपरेशन झालं, मग व्हेंटिलेटर लागला. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये हा जंतू बहुत कॉमन आहे. ओल असेल तिथे राहतो. सिंकमध्ये, नळ्यांमध्ये.

प्रमिला : आणि तुझ्या ॲप्रनवर?

गौरी : आमच्या लॅबमध्ये तो नाहीच आहे, आत्या!

वैजयंती : हळू. आयसीयूच्या दारात बसलोय आपण. लोक बघताहेत.

प्रमिला : नाही, तर मग तू अभ्यास कशाचा करून राहिली? हवेचा?

गौरी : त्याच्या फक्त एका प्रथिनाचा. ते प्रथिन कसं बनवायचं याची जी माहिती असते, तेवढीच आम्ही दुसऱ्या जंतूत घालतो. मग तो आम्हाला प्रथिन बनवून देतो. तो गरीब असतो, कोणाला काही करत नाही.

प्रमिला : म्हणजे जंतू आहेतच.

गौरी : आई, तू तरी सांग हिला.

वैजयंती : मी काय सांगू? मलाच कुठे माहितीये. तू रात्री जेवताना ह्यांना समजावत बसायचीस, तेव्हा मी पोळ्या लाटत असायची. आता मला सांग. सोपं करून.

गौरी : आत्ता?

वैजयंती : आत्ताच. दुसरं काय काम आहे इथे?

गौरी : हा जंतू आपल्या अंगावर सुया उगवतो. खरंच सुया, आतून पोकळ. आपल्या पेशीला चिकटला की सुई टेकवतो आणि तिच्यातून विष आत ढकलतो. सुईच्या टोकावर एक प्रथिन असतं. ते पेशीत भोक पाडायला मदत करतं. ते नसेल तर सुई बेकार. मी त्या टोकाचे स्फटिक करते. साखरेच्या दाण्यासारखे, पण त्याहूनही बारीक. त्यांच्यावर एक्स-रे सोडले की प्रथिनाचा एकेक अणू कुठे बसलाय ते कळतं.

वैजयंती : आणि कळलं की?

गौरी : कळलं की कुणीतरी तिथे बरोबर बसेल असं औषध शोधू शकतं. टोकाला बूच लावल्यासारखं.

वैजयंती : मग ह्यांच्या छातीत आत्ता त्याच सुया आहेत?

गौरी : हो.

वैजयंती : किती?

गौरी : नको ना विचारूस, आई. बाकीच्यांना नुसता न्यूमोनिया दिसतो. मला काचेतून बाबांकडे पाहिलं तरी आत काय चाललंय ते दिसतं. म्हणून मघाशी मी बाहेर आले.

प्रमिला : पाणी पी जरा.

वैजयंती : डॉक्टर काय म्हणाले?

गौरी : शेवटचं जे ॲन्टिबायोटिक होतं, तेही लागू पडत नाहीये. किडन्या बंद व्हायला लागल्यात. बीपी इतकं खाली आहे की डायलिसिस झेपणार नाही.

वैजयंती : तुझ्या सरांना फोन लाव.

गौरी : कशाला?

वैजयंती : ते बूच. तुमच्याकडे काही तयार असेल. थोडंसं. डॉक्टरांच्या पाया पडते मी, सही करून देते, काहीही होऊ दे. पण द्या ते ह्यांना.

गौरी : आमच्याकडे औषध नाहीये, आई. चित्र आहे. तेही अर्धं.

वैजयंती : इतक्या वर्षांत?

गौरी : हो. इतक्या वर्षांत.

प्रमिला : उगी. उगी नं, वैजयंती. चल, उठ, तोंड धू. आणि गौरी, तूही नको रडू. मी बोलली, चुकलं असेल. धाकटा भाऊ आहे तो माझा. तुझ्यावर नाही चिडायचं तर कोणावर चिडू? त्या जंतूवर? तो दिसतो तरी का डोळ्यांना?

गौरी : नाव पुकारताहेत. बाबांचं.

वैजयंती : औषध आणायला सांगतील.

गौरी : नाही, आई. सगळ्यांना आत बोलावलंय.

(तेरावं होऊन गेलं आहे. बाग सेवनिया भागातलं गौरीचं घर, संध्याकाळ. प्रमिला नागपूरला परतली आहे.)

वैजयंती : कुणाचा फोन होता? एवढा वेळ?

गौरी : मयूरचा. लॅबमधला. मी इथे होते तेव्हा तो माझे स्फटिक घेऊन इंदूरला गेला होता. तिथे मोठी मशीन आहे, एक्स-रेची. आधी कधीच त्यांचे एक्स-रे चांगले निघाले नव्हते, या वेळी निघाले.

वैजयंती : म्हणजे चित्र पुरं झालं?

गौरी : जवळजवळ. त्याने कॉम्प्युटरवर पाठवलंय, दुपारी बघितलं.

वैजयंती : कसं दिसतं?

गौरी : सुंदर दिसतं, आई. तेच वाईट आहे. मला वाटलं होतं, बघवणार नाही. पण मी ते फिरवून फिरवून बघत बसले. तेवढा वेळ बाबा आठवलेसुद्धा नाहीत.

वैजयंती : मला भाजी चिरताना नाही आठवत कधीकधी. मग एकदम आठवतात. तू कशाला मनाला लावून घेतेस?

गौरी : सर म्हणताहेत, सोमवारपासून ये. पेपर लिहायचाय.

वैजयंती : मग जा.

गौरी : जाऊ?

वैजयंती : घरी बसून काय करशील? माझं तोंड बघशील. त्या चित्राने कुणी वाचेल का पुढे?

गौरी : माहीत नाही. वाचेलही. दहा-पंधरा वर्षं लागतील. किंवा नाहीच काही होणार.

वैजयंती : तोवर?

गौरी : तोवर आहे तसंच.

वैजयंती : हं. ऐक. आजपासून नाही, सोमवारपासून. तिकडून आलीस की सरळ आत येऊ नकोस. बाहेरच्या नळावर हातपाय धूत जा, कपडे बदल, मग स्वयंपाकघरात ये.

गौरी : आई, मी तुला सगळं सांगितलं होतं ना. तिथे तो जंतू—

वैजयंती : सांगितलंस. मला पटलंय ते.

गौरी : मग?

वैजयंती : तरी धूत जा.