आप्पा जिते असताना

सारजा : ही पाण्याची डबी कोरडी ठणठणीत कावून हाय?

उत्तरेश्वर : कोणती?

सारजा : कोणती म्हणं! रोज नाकाला लावून झोपता त्या मशीनची. बोट फिरवून बघा, धूळ निघायली आतून.

उत्तरेश्वर : आटली आसंल.

सारजा : आटायला आधी भरलेली पाहिजे. खरं सांगा, कवापासून भरली न्हाई?

उत्तरेश्वर : आता काय सांगू तुला. एका हंड्यासाठी बाया झिंज्या उपटायल्यात, अन मी विकतचं चांगलं पाणी मशीनला पाजू? मनाला पटंना. म्हणलं, वारं तर तसंबी येतंय.

सारजा : येतंय, पण कोरडं येतंय! बीडच्या त्या मशीनवाल्या मॅडमनी बजावून सांगितलं हुतं. कोरड्या वाऱ्यानं नाक चोंदतं. नाक चोंदलं की तुमचं तोंड उघडतं. अन तोंड उघडलं की मशीननं नाकातून घातलेलं समदं वारं तोंडातून भस्सकन भायेर. मग झोपेत अडकलेला दम मोकळा कोण करणार? मी?

उत्तरेश्वर : वाटीभर पाणी तर वाचलं.

सारजा : वाचलं? अन घशाला कोरड पडली म्हणून रातच्याला उठून अख्खा तांब्या रिकामा करता, ते कोणत्या हिशोबात? लई हुशार माणूस बघितला बाई मी!

उत्तरेश्वर : बरं, चुकलं. आजपासून भरतो.

सारजा : तुमी न्हाई, मीच भरीन. आता दुसरं सांगा. हा नवा मास्क अजून पिशवीतच कावून? नाकातोंडावर बसायचा मोठा?

उत्तरेश्वर : लावून बघितला की.

सारजा : एक डाव लावला अन ठिवून दिला. आवं, लहानपणी बैलानं ढुशी दिली तवापासून तुमच्या नाकाचं हाड वाकडं हाय. तुमी तोंडानंच दम घेणार. नुसत्या नाकाचा मास्क तुमच्या कामाचा न्हाई, हे मॅडम तुमच्याच तोंडावर बोलली.

उत्तरेश्वर : मग बसायला तर पाहिजे तो. मिशीपाशी फुस्स करतंय. आवळला तर नाकावर वळ उठला. मिशी कातरून बारीक केली, तर खुंटं रबराला टोचायली अन फट काही जाईना. मॅडम म्हणली, काका, साफ काढा.

सारजा : अन तुमी परवा उमापूरच्या बाजाराला त्यासाठीच गेलतात. आल्यावर मला म्हणलात, मुंजाजीचं दुकान बंद हुतं.

उत्तरेश्वर : हुतंच की बंद.

सारजा : बाजारच्या दिवशी न्हाव्याचं दुकान बंद? मला येडी समजता का वो?

उत्तरेश्वर : हळू बोल. आप्पा ओट्यावर हायेत.

सारजा : त्यांना तिथवर कुठं ऐकू येतंय. बोला.

उत्तरेश्वर : दुकान चालू हुतं. खुर्चीवर बसलो, मुंजाजीनं साबण लावला. म्हणलं, मिशी काढ. तर त्याचा हातच थांबला. वस्तरा ठिवला खाली, माझ्या खांद्यावर हात टाकला अन म्हणतो, ‘कवा गेले रं आप्पा? सांगावा बी न्हाई धाडलास?’ डोळ्यात पाणी त्याच्या!

सारजा : अगं बाई!

उत्तरेश्वर : दुकानातली माणसं उठून हुबी ऱ्हायली. एक जण इचारतो, मातीला किती वाजता निघायचं? मी तोंडावरचा साबण पुसला अन जे पळालो ते थेट एसटीत.

सारजा : आता हसू का रडू! आवं, सांगायचं ना, आमचे आप्पा ठणठणीत हायेत म्हणून.

उत्तरेश्वर : मग बाप ठणठणीत असताना मिशी कावून काढतोस, ह्याला काय जवाब देऊ? बाप गेल्याबिगर आपल्यात कुणी मिशीला वस्तरा लावलाय का? चारचौघांत सांगू, मी रातच्याला तोंडाला सोंड लावून झोपतो म्हणून?

सारजा : सांगा. सोंड लावतो म्हणून सांगा. त्या कोपऱ्यातला हंडा बघा जरा.

उत्तरेश्वर : तो हंडा काढू नकोस सारजा.

सारजा : काढणार. जनावरं छावणीला गेली, दूध आटलं, म्हणून दूध संस्थेनं दुधाचा टँकर धुऊन पाण्याला लावला अन तुमच्या हाती दिला. चकलांब्याच्या छावणीवर आमी बाया लाईनीत हुब्या. तुमी समोरून आलात. मला वाटलं, मला बघितलं म्हणून हसत असतील. मी हात केला. अन बघते तर तुमचे डोळे झाकलेले.

उत्तरेश्वर : पुरं कर.

सारजा : भिवराबाईनं दंडाला धरून वढलं म्हणून चाकाखाली हंडा गेला. न्हाईतर आज बाहीर ओट्यावर तुमी असता टक्कल करून, अन ह्या घरात मी नसते.

उत्तरेश्वर : मला म्हाईत न्हाई का? डोळा लागला की तोच आवाज कानात येतो, पत्रा चेपल्याचा. म्हणून तर त्याच दिवशी चावी नेऊन विठ्ठलरावच्या टेबलावर ठिवली. चेअरमन असून तो म्हणत हुता, जाऊ दे, होतं असं, चालव. मीच म्हणलं, न्हाई. झोप नीट लागंपर्यंत मी स्टेरिंगला हात लावणार न्हाई.

सारजा : ते लई चांगलं केलंत. त्या दिवशी मला तुमचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. पण आता पुढं काय? दुसऱ्या टँकरवरचा बंकट एकटा किती खेपा करील? छावणीवर जनावरं जिभा काढायलीत अन तुमचा टँकर संस्थेच्या दारात हुबा. विठ्ठलराव सोमवारी भायेरचा ड्रायव्हर ठरवणार हायेत. उभी जिंदगी त्या संस्थेत काढलीत, अन मिशीपायी घरी बसणार?

उत्तरेश्वर : मिशीचं काय घेऊन बसलीस. माझा जीव आप्पात अडकलाय. रोज सकाळी त्यांच्यासमोर चहा प्यायला बसतो मी. बिनमिशीचं तोंड घेऊन त्यांच्यासमोर कसा बसू? जित्या माणसाला वाटंल, लेकानं आपलं सुतक आधीच पाळलं.

आप्पा : माती किती वाजता हाय म्हणला त्यो?

उत्तरेश्वर : आप्पा! तुमी कवा आलात दारात?

आप्पा : मी मेलो तवाच आलो. बाजारभर बातमी, अन खुद्द मलाच खबर न्हाई!

सारजा : मामा, बसा. तुमाला समदं सांगणारच हुते मी.

आप्पा : काय सांगणार? मिशीला हात लावायचा न्हाई, एवढंच मी सांगतो. दोन भाकरी खातोय मी अजून. असलं अभद्र माझ्या घरात चालायचं न्हाई. मागं बी तुमी हेच केलं. ह्याच्या हनुवटीखालून डोक्यावरून पट्टी बांधून निजवलंत. सकाळी मी उठून बघतो तर लेकाचं तोंड बांधलेलं! मयताचं बांधतात तसं!

सारजा : तुमी हंबरडा फोडलात, गल्ली गोळा झाली, म्हणून ती पट्टी मी माझ्या हातानं चुलीत घातली. तिचा तसा बी उपेग नव्हता. जबडा मिटायचा, पण ओठाच्या कडंनं वारं निघायचंच. म्हणून हा मोठा मास्क आणलाय, अन हा मिशीमुळं बसंना.

आप्पा : बसंना तर दुसरा आणा. पैका लागला तर माझी बोकडं इका.

सारजा : नाकपुडीत बसतो तो बारका बी बघितला, नाकावरचा बी बघितला. झोपेत ह्यांचं तोंड उघडतं, तिथं कुणाचंच चालत न्हाई. मामा, आज मी उलटं बोलणार हाय, राग धरू नका.

आप्पा : बोल.

सारजा : तुमाला ऐकू कमी येतं, ते एका परीनं बरंच हाय. तुमचा लेक रातच्याला घोरतो, अन घोरता घोरता एकदम गप होतो. शेजारच्या रतनबाईला वाटतं, चला, थांबला बाई एकदाचा. मला ठावं हाय, दम थांबलाय. मी उठून बसते. छातीवर हात ठिवते. छाती हलत न्हाई. मग कधी तरी गचका देऊन दम येतो, की मी परत आडवी होते, की परत तेच. झोपच मिळत न्हाई, म्हणून दिवसा गाडीवर डोळा लागतो. अन डॉक्टर म्हणतो, असंच चाललं तर गाडीचं ऱ्हाऊ द्या, एखाद्या राती काळीजच थांबंल.

आप्पा : अन तू बसून ऱ्हातीस?

सारजा : मग काय करू? पट्टी बघून तुमी एक डाव घाबरलात. मी रोज घाबरते.

आप्पा : रोज?

सारजा : रोज, मामा.

आप्पा : कावून बे उत्तरा? मला का न्हाई सांगितलंस?

उत्तरेश्वर : तुमच्या जिवाला ह्या वयात आणखी घोर कशाला.

आप्पा : घोर! दुष्काळात तुला खांद्यावर घेऊन बाहीरगावी मजुरी केली, तवा न्हाई लागला घोर, अन आता लागणार हुता? येडाच हायेस. आण इकडं तो मास्क. ह्यो? असा धरायचा?

सारजा : असा. हे रबर वरच्या ओठावर चिकटून बसायला पाहिजे. तिथंच केस आडवे येतात.

आप्पा : हं. मऊ हाय की. उत्तरा, ही मिशी तू कुणासाठी राखलीस?

उत्तरेश्वर : तुमच्यासाठी. अजून कुणासाठी?

आप्पा : म्हंजी मी गेल्यावर काढायला.

उत्तरेश्वर : आप्पा, असं कावून बोलता...

आप्पा : खरं तेच बोलतो. मला तुझ्याबिगर दुसरा लेक न्हाई. तूच माझ्या आधी गेलास, तर माझ्या टायमाला मिशी कोण काढणार? विठ्ठलराव? म्हणून आज काढ. वाढंल परत. माझ्या वक्ताला काढायला तू ऱ्हायला पाहिजेस.

उत्तरेश्वर : आप्पा...

आप्पा : रडू नकोस, साबण नीट लागायचा न्हाई. सारजा, मुंजाजीला फोन लाव. वस्तरा घेऊन घरी ये म्हणावं. अंगणात, उजेडात काढायची. मी समोर बाजंवर बसतो चहा पीत. बाप जिता हाय ह्याची गवाही खुद्द बापच देईल.

उत्तरेश्वर : लोकं हसतील आप्पा. छावणीवर तर रोज इचारतील.

आप्पा : इचारू दे. तू टँकरवर गेलास की मी येतो तुझ्या शेजारी बसायला. खिडकीतून दिसंन समद्यांना. अन तुझा डोळा लागायला लागला तर काठीनं टोचीन.

सारजा : आवं, लावू का मग फोन?

उत्तरेश्वर : लाव. अन त्याला आधी सांग, की कुणी गेलेलं न्हाई म्हणून.

(काही दिवसांनंतर, भर सकाळी. चकलांब्याच्या वाटेवर, टँकरच्या केबिनमध्ये.)

उत्तरेश्वर : आप्पा, किती जणांना हात करता? दंड दुखंल.

आप्पा : करावा लागतो. ती सुंदरबाई बघितलीस का? तुझं तोंड बघून पदर लावला डोळ्याला, अन मग मी खिडकीतून डोकं काढलं तर घागरच सुटली तिची हातातून.

उत्तरेश्वर : रिकामी हुती ना?

आप्पा : रिकामीच. आता भरून दे तिला, येताना. अन तू पुढं बघ, माझ्याकडं नको बघू. डॉक्टरनी तपासून हो म्हणलंय, पण मी अजून हो म्हणलेलं न्हाई.

उत्तरेश्वर : बघतोय पुढं.

आप्पा : वारं निघतं का अजून कडंनं?

उत्तरेश्वर : पहिल्या राती थोडं निघालं. पट्टा वरून लई आवळलेला हुता, सारजानं सैल केला. मग जे बसलं ते बसलं. सकाळी उठलो तर तोंड ओलं. तांब्या उशाला भरलेलाच. मला वाटलं, कुणी तरी परत भरून ठिवला.

आप्पा : अन सारजा?

उत्तरेश्वर : तिला जागच न्हाई आली. ऊन पार दारात आलं तरी निजलेली. लई वर्सांनी बघितलं मी तिला असं झोपलेलं. मीच चहा केला, अन तसाच झाकून ठिवला. उठवू वाटंना.

आप्पा : नको उठवू. काय हाय का दुसरं? बोलत ऱ्हा. गप बसलास की मला वाटतं तुझा डोळा लागला.

उत्तरेश्वर : मग ऐका. विठ्ठलराव म्हणत हुता, पाऊस झाला अन जनावरं घरी आली, की टँकर परत दुधाला लावायचा. संस्थेत परत दूध मापायची घमेली, किटल्या, समदं. मी म्हणलं, मला पहाटंची खेप द्या. पूर्वी डोळा लागंल म्हणून जिला भ्यायचो तीच. आप्पा?

आप्पा : हां... ऐकतोय मी. तुला जागं ठिवायला आलोय... बोल तू...

उत्तरेश्वर : काठी पडली तुमची. डोकं खिडकीवर आपटंल आप्पा, इकडं टेका, माझ्या खांद्यावर. हां, असं. झोपा निवांत. मी जागा हाय.