वाळवंटातल्या तुरुंगाची किल्ली

मित्राच्या पत्राला ग्रंथपाल आजोबांनी वर्षानुवर्षं उत्तर दिलं नव्हतं. आज ते लिहून टपालाच्या रांगेत उभे राहिले खरे, पण आता कुठल्या तोंडाने पाठवायचं, म्हणून माघारी वळणार, तोच पुढच्या दोघी बहिणींची मोबाइलवरच्या खेळावरून जुंपली.

“ताई, तू अजून त्या वाळवंटातल्या तुरुंगातच?”

“मग? किल्ली घेऊन रुसून गेलीस तू. मी बसलेय भुतांच्या सोबतीला.”

“नवा खेळ मांडायचास ना!”

“आणि तू आल्यावर मी सापडले नसते तर?”

“इतक्या दिवसांनी यायची लाज वाटत होती गं.”

“लाज नंतर वाटून घे, बये. आधी दार उघड.”

“उघडलं! भुतं काय म्हणतायत?”

“सुटलो म्हणतायत. तुझं नाव ऐकून कान किटले होते त्यांचे.”

आजोबांनी तिकीट चिकटवलं आणि पाकीट पेटीत टाकलं.